कर्नलनी आधीच मानलेले आभार

"ओबेडाया प्रुइट!" शेरीफने नाव पुकारले आणि न्यायालयाच्या अंगणातला गलका ओसरला.

प्रुइट टोपी काढून टेबलासमोर आला. पलीकडे दोन्ही उमेदवार बसले होते: वर्षानुवर्षे विधानसभेत जाणारे फेडरलिस्ट पक्षाचे कर्नल वेदरली आणि प्रथमच उभा राहिलेला रिपब्लिकन पक्षाचा गिरणीवाला मॅक्लिन. मतदाराने मत मोठ्याने सांगायचे आणि ज्याला ते मिळाले त्याने उठून आभार मानायचे, ही व्हर्जिनियाची रीत.

प्रुइट पिंपे बनवी. कर्नलच्या बागेतली सफरचंदाची दारू त्याच्याच पिंपांत मुरे. आज अंगणात मतदारांसाठी फुकट वाहत होती तीही त्यातलीच. त्यामुळे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कर्नल उठले.

"आभारी आहे, मिस्टर प्रुइट. घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे, कर्नलसाहेब. पण मी अजून बोललो नाही."

"साहेबांना आधीच ऐकू येतं रे," मागून कोणी पेला उंचावत म्हणाले. हशा पिकला.

"बोल की मग, ओबी," शेरीफ म्हणाला. "कोणाला?"

राष्ट्राध्यक्षांविरुद्ध छापले म्हणून माणसाला तुरुंगात घालणाऱ्या कायद्याची कर्नलनी याच अंगणात तरफदारी केली होती. ते प्रुइटच्या मनातून जात नव्हते. कर्नलकडून मिळणारे काम गेले तर आपले दुकान बसेल, हेही त्याला ठाऊक होते.

"मॅक्लिन," तो म्हणाला.

मॅक्लिन आभार मानायला उठला. कर्नल तसेच उभे राहिले. खाली बसायचे त्यांना सुचले नाही.

सायंकाळी मॅक्लिन निवडून आला. दुसऱ्या सकाळी कर्नलची गाडी दुकानापुढे थांबली. गाडीवान ईसॉ हा कर्नलचा गुलाम.

"साहेबांनी त्यांच्या ओकच्या फळ्या परत मागवल्यात. पिंपं आता दुसरीकडं होणार म्हणे."

"ने. हे एक तयार आहे, तेही ने. थांब जरा, गळतं का ते पाणी भरून बघतो."

"आता कशाला बघता?"

"माझ्या दुकानातून जातंय."

पाणी भरून दोघे थांबले.

"काल लई मोठ्यानं बोललात म्हणे," ईसॉ म्हणाला.

"सगळ्यांना ऐकू जावं लागतं."

"आम्ही पार घोड्यांपाशी होतो. तिथवर आलं." ईसॉने पिंपावर तळहात ठेवला. "मला कोणी विचारलं असतं तर—"

त्याने रस्त्याकडे पाहिले आणि ओठ मिटले. प्रुइट वाट पाहत राहिला.

मग प्रुइटने वाकून फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवले. एक थेंबही बाहेर आला नव्हता. दोघांनी पिंप कलते करून पाणी ओतून दिले आणि ते उचलून गाडीत चढवले.