अंगठ्याखालचा पासवर्ड

गुड फ्रायडेच्या सकाळी माझ्या बायकोचा फोन खिरीत पडला.

खीर घेवड्याची. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या बाराओना गावात ती घरोघर शिजते. तांबडा घेवडा मऊ शिजवून गाळायचा, त्यात नारळाचं दूध, साखर, रताळ्याच्या फोडी, बेदाणे, लवंगा, दालचिनी घालायची. अंगणातल्या चुलीवर भलंमोठं पातेलं चढतं आणि खीर झाली की वाडगे भरून गल्लीत वाटायची. एनेइदा फोन झग्याच्या गळ्यात खोचून ठेवते, इथल्या सगळ्याच बायका ठेवतात. जाळाला फुंकर घालायला ती वाकली आणि बुडुक.

"सिंदो! अरे सिंदो! म्हाताऱ्या, बघतोस काय, काढ की!"

मी डावाने फोन काढला. अंगावर बेदाणा चिकटलेला, पडदा काळाठिक्कर. जीव गेलेला होता.

"आता ही खीर ओतून द्यायची का?" मी विचारलं.

"का? फोन स्वच्छ होता माझा," असं म्हणून ती पुन्हा ढवळायला लागली.

खरं तर फोनचं एवढं काही नव्हतं. आमच्या याहायराने माद्रिदहून नाताळातच नवा फोन पाठवला होता आणि जुना चालतोय म्हणून एनेइदाने तो खोक्यातच जपून ठेवला होता. खोकं उघडलं, जुन्यातलं सिमकार्ड पुसून नव्यात घातलं. फोन सुरू झाला, छान गाणंबिणं वाजवलं आणि मग त्याने वायफायचा पासवर्ड मागितला. एनेइदाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. माझ्याकडे बटणांचा फोन आहे, मला कुणी काही विचारू नये म्हणूनच तो ठेवलाय.

"तुला आठवत नाही?" मी विचारलं.

"रागाच्या भरात काहीतरी ठेवला होता," ती म्हणाली. "राग आठवतोय. शब्द नाही."

एरवी मी हसलो असतो. पण त्या दिवशी आमची नात इस्पितळातून आपल्या घरी येणार होती.

याहायराची ही पहिली मुलगी, मारिसोल. दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्माला आली आणि तेव्हापासून माद्रिदच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती. आम्ही तिला पाहिलं ते फोटोतच, ते पण नळ्यांच्या गुंत्यात. एनेइदा रोज त्या फोटोवर बोट फिरवायची आणि मग टॉवेलला डोळे पुसायची. आणि आमच्यात रीत अशी की बाळ पहिल्यांदा घरात येताना आजीने आशीर्वाद द्यायचा, मगच उंबरा ओलांडायचा. याहायराला माझ्या आईने दिला होता. मारिसोलला एनेइदा देणार होती, फोनवरून, तोंड बघून. याहायराने कबूल केलं होतं, "मम्मी, तुझा आवाज ऐकल्याशिवाय मी दाराच्या आत पाऊल टाकणार नाही."

आमची गल्ली डोंगराच्या कुशीत आहे. मोबाइलचं इंटरनेट तिथवर येता येता दमून जातं. पाण्याच्या टाकीवर चढलं तर माझ्या फोनवर नुसतं बोलणं कसंबसं होतं. मी चढलो. याहायराला फोन लावला आणि टाकीवरून खाली एनेइदाला एकेक वाक्य पोचवत राहिलो.

"पप्पा, वायफायच्या डब्याच्या मागे लिहिलेला असतो ना पासवर्ड?"

"तो तुझ्या आईने बदलून घेतला होता."

"मग कंपनीला फोन करा."

"पोरी, पवित्र आठवडा आहे. कंपनी समुद्रावर गेलीय."

तिच्या मागे कुणीतरी इस्पितळाचे कागद चाळत होतं. मग ती म्हणाली, "नीट ऐका. ज्या फोनवर आपलं वायफाय आधीच जोडलेलं आहे, असा कुठलाही फोन चालेल. त्यात वायफायच्या सेटिंगमध्ये जायचं, आपलं नाव दाबायचं, मग 'शेअर' दाबायचं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन येतो. नव्या फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपला की झालं, जोडलं जातं. चौकोनाखाली पासवर्ड लिहिलेलाही दिसतो. कुणाकडे आहे आपलं वायफाय?"

मी खाली विचारलं.

"कुणाकडेच नाही!" एनेइदा कडाडली. "गेल्या वर्षीच सगळ्यांना हाकललंय मी!"

मी हे माद्रिदला पोचवलं. याहायरा हसली. "पप्पा, तुम्ही बघा. मी इथून निघतेय थोड्या वेळात."

मी टाकीवरून उतरलो. एनेइदाला जे माहीत नव्हतं ते मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, अशी गत होती. कोपऱ्यावरच्या दुकानात नोनोच्या फोनवर बेसबॉलचे सामने कशाच्या जिवावर चालतात? शाळेतल्या एर्सिलियाबाई नेमक्या आमच्याच भिंतीला खुर्ची लावून का बसतात? मी कधी बोललो नाही. पैसे तेवढेच पडतात, आपलं काय जातंय! आणि डॉमिनोच्या टेबलावर नोनो मला पहिला ग्लास आणून देतो, त्याला काही कारण असेलच ना.

"वाडगे भर," मी एनेइदाला म्हटलं. "खीर वाटायला जाऊ आणि जाता जाता विचारू."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिच्या स्वभावात नाही. नोनोच्या दुकानात वाडगा टेकवायच्या आधीच तिने तोफ डागली. "नोनो, तुझ्या फोनवर माझं वायफाय आहे का?"

नोनोने फोन केळ्यांच्या घडाखाली सरकवला. त्यातून समालोचक ओरडतच होता.

"छे, दोन्या एनेइदा!" बाईला मानाने हाक मारायची ती दोन्या. " मी आणि तुमचं वायफाय?"

"घे शपथ."

"आज?" त्याने छातीवर क्रूस काढला. "आज गुड फ्रायडे. आजच्या दिवशी शपथ घेत नाही मी. पाप लागतं."

एर्सिलियाबाईंनाही पाप लागत होतं. शिवाय त्यांना अचानक चर्चमधल्या मिरवणुकीची आठवण झाली. वाडगा मात्र दोघांनीही घेतला, नोनोने तर उभ्या उभ्या चाटूनपुसून संपवला आणि यंदाच्या खिरीला काही वेगळीच चव आहे म्हणाला.

निघताना त्याने माझी बाही ओढली. "सिंदो, पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ आहे. पण तिच्यासमोर तो उच्चारायची माझी छाती नाही. कासिल्दाकडे जा. तिचा हक्क आहे."

आता कासिल्दाचं सांगायला हवं. ती आमची शेजारीण, मधे कमरेएवढी भिंत. याहायराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्ममाता म्हणून कासिल्दाच उभी राहिली, त्यामुळे ती आणि एनेइदा एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, बहिणींपेक्षा जास्त. गेल्या वर्षीच्या उपासात कासिल्दा चर्चच्या दारात बोलून गेली, की एनेइदा खीर दाट व्हावी म्हणून त्यात पीठ घालते. झालं! तेव्हापासून एनेइदा तिला पाण्यात पाहते. त्याच आठवड्यात तिने वायफाय जोडणाऱ्याला बोलावून पासवर्ड बदलून घेतला होता.

"तिच्याकडे मी जाणार नाही," एनेइदा म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "मग पोर माद्रिदमध्ये दारातच उभी राहू दे."

ती थांबली. हातातला वाडगा तिने या हातातून त्या हातात घेतला. मग तरातरा चालत आपल्या अंगणात गेली, भिंतीपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू विचार तिला."

कासिल्दा पलीकडे कपडे वाळत घालत होती. "सिंदो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग तुझ्या बायकोला, मला कान आहेत आणि तिला तोंड आहे. तोंड तर देवाने जरा सढळ हातानेच दिलंय."

"सांग तिला, मी वाडगा घेऊन आलेय," एनेइदा म्हणाली.

"पीठ किती घातलंय विचार."

"पीठ!" एनेइदाचा आवाज चढला, आणि मग एकदम फाटला. वर्षभर सांभाळलेला तोरा तिथल्या तिथे गळून पडला. "कोमाद्रे, बाळ घरी येतंय. आज सोडलं तिला. आणि माझा फोन खिरीत पडला, मला माझाच पासवर्ड आठवत नाही, आणि याहायरा दारात थांबणार आहे. तुझ्याकडे असेल तर दे. नसेल तर नाही म्हण, मी जाते."

कासिल्दाच्या हातातली चादर खाली पडली.

"सोडलं? आज? नळ्या काढल्या?"

"सगळ्या."

"आणि तू मगापासून पिठाचं काय बोलतेस गं, बाई!" कासिल्दा ओरडली. पिठाचा विषय तिनेच काढला होता, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. तिने झग्याच्या गळ्यातून फोन काढला. बोटं इतकी सराईतपणे फिरली की वर्षभर ती आमच्याच इंटरनेटवर जगत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. ठिपक्यांचा चौकोन आला. तिने फोन भिंतीवरून पुढे धरला. पण अंगठा चौकोनाच्या खालच्या बाजूवर घट्ट दाबून.

एनेइदाने नवा फोन त्याच्यासमोर नेला. चौकोन नीट टिपला जावा म्हणून मी तिचं मनगट धरलं. फोन एकदा गुरगुरला आणि वरच्या कोपऱ्यात ती पंख्यासारखी खूण उमटली. जोडलं गेलं!

मी टाळीच वाजवली. पण एनेइदा कासिल्दाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"अंगठा काढ. शब्द वाचून घेते, नाहीतर पुन्हा विसरेन."

"राहू दे ना. काम झालं."

"कोमाद्रे, काढ."

"एनेइदा, नको वाचूस."

"माझा पासवर्ड आहे!"

कासिल्दाने अंगठा उचलला. एनेइदा वाचायला लागली आणि तिचे ओठ मधेच थांबले. मीही वाकून वाचलं. सगळं एकाला एक जोडून लिहिलेलं: कासिल्दा घेवडा करपवते.

कुठेतरी कोंबडा तेवढा ओरडला.

"तुला... तुला कसा कळला हा?" एनेइदाने शेवटी विचारलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तू सांगितलास की! तो जोडणीवाला छपरावर, तू स्वयंपाकघरात. 'काय ठेवू, दोन्या?' म्हणून तो ओरडला आणि तू खालून हे. त्याला ऐकू गेलं नाही, तर पुन्हा. मग एकेक अक्षर सोडवून. गल्लीतलं कुत्रंसुद्धा शिकलं असेल."

"आणि तू तो टाकलास? स्वतःच्या हाताने?"

"मग काय करू? माझी धर्मकन्या मला फोटो पाठवते, आता तर तिच्या पोरीचे, ते बघायला नकोत?" कासिल्दाने खांदे उडवले. "पहिल्यांदा टाकताना रडले. नंतर हसू यायला लागलं. कारण खरं सांगू का, करपतो माझा घेवडा. दरवर्षी थोडासा करपतोच."

एनेइदाच्या तोंडून विचित्र आवाज आला. रडतेय की हसतेय ते मला कळेना, आणि मग कळलं की दोन्ही. भिंतीवरून ओणवी होऊन तिने कासिल्दाच्या गळ्यात हात टाकले आणि वाडगा मधल्या मधे कलंडून खीर दोघींच्या झग्यांवर सांडली. "घालते गं मी पीठ," ती तिच्या कानाशी म्हणत होती, "चमचाभर घालते, माझी आईपण घालायची."

आणि फोन वाजला.

एनेइदाने हात झग्याला पुसला आणि पडद्यावर बोट टेकवलं. याहायरा दिसली. जिन्यातला दिवा, मागे एक निळं दार, नवऱ्याने फोन धरलेला. तिच्या कुशीत पिवळ्या दुपट्यात एक चेहरा होता, मुठीएवढा. नाकात काही नाही, गालावर चिकटपट्टी नाही. नुसता चेहरा. बाळाने जांभई दिली आणि मला, साखर कारखान्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला, मटकन खाली बसावं लागलं.

"मम्मी, आम्ही दारात आहोत," याहायरा म्हणाली. "आशीर्वाद दे, मग आत येतो."

एनेइदाने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. ती नुसती बघत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. याहायरा थांबली होती. तिचा नवराही थांबला होता. बाळाने मान जराशी हलवली.

"मम्मी?"

एनेइदाने फोन कासिल्दापुढे केला आणि मान हलवली. माझ्याच्यानं होत नाही, तू दे.

कासिल्दाने फोन घेतला नाही. तिने भिंतीवरून एनेइदाचा मोकळा हात धरला, उचलला आणि पडद्यासमोर नेला, बाळाच्या डोक्यावर ठेवावा तसा. "देव तुझं..." तिने सुरुवात केली आणि थांबून वाट पाहिली.

"देव तुझं भलं करो, माझ्या बाळा," एनेइदा म्हणाली. आवाज इतका लहान होता की मला तिचा वाटेचना. "ये. घरात ये."

याहायराने पाऊल उचललं आणि माझी नात घरात आली.