बाजूच्या खिशातलं मूठभर धान

मित्रांनो, मी जुनी आहे, निळी आहे आणि खरं सांगायचं तर लाजलेली आहे. एकोडी गावी बेबीबाईच्या घरात धान साठवायची मोठी ढोली आहे. तिच्याशेजारच्या खुंटीला जी प्रवासाची बॅग लटकते, ती मी. स्वतःची कहाणी सांगताना सगळे आधी मोठेपणा सांगतात. तसा माझ्याकडेही आहे आणि तो मी सांगणारच. पण बँकॉकची गोष्ट आली की मला मान वर करवत नाही. तरी तीच सांगायला हवी, कारण ती ऐकून तुमच्यापैकी एखादा जरी शहाणा झाला तरी माझी लाज वाया जाणार नाही.

मी जन्मले भंडाऱ्याच्या बाजारात. वासुदेवराव नावाचे कारागीर तंबूच्या जाड कापडाच्या बॅगा शिवत. एकेका जोडावर दोनदा शिलाई घालत आणि "फाटली तर माझ्या तोंडावर आणून फेका" असं गिऱ्हाइकाला सांगत. कोणी कधी फेकली नाही. बेबीबाईचे यजमान दादाजी यांनी मला पसंत केलं. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. शेजारच्या दुकानात भांड्यांवर नावं कोरून देत, तिथूनच दादाजींनी एक छोटी पितळी पट्टी करून घेतली. 'दादाजी, एकोडी' एवढीच अक्षरं. ती पट्टी माझ्या छातीवर ठोकली गेली आणि मी भलतीच ऐटीत एसटीत चढले.

दादाजी धानाचे वेडे होते. लोक परगावी गेले की पेढे आणतात, हे मूठभर धान आणत. बालाघाटला गेले, तिथलं आणलं. रायपूरला लग्नाला गेले, मांडवातून निसटून कोणाच्या तरी खळ्यावरचं आणलं. ते धान माझ्या बाजूच्या खिशात बसायचं. घरी आल्यावर त्यातलं थोडं बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, कोपऱ्यात पेरायचं आणि बाकीचं औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून फळीवर ठेवायचं, असा त्यांचा नेम. गावातले हसत. हसोत बापडे! मला मात्र त्या खिशाचा फार अभिमान होता.

दादाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. पुढे मी खुंटीवर कुजून गेले असते, पण बेबीबाईनं तसं होऊ दिलं नाही. गावात ज्याला प्रवासाला जायचं असेल त्याला ती मला देते. कोणी बाळंतिणीला आणायला नेलं, कोणी जगन्नाथपुरीला, कोणी परीक्षेला. आमच्याकडे मागून नेलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बेबीबाईनं माझ्यासाठी तोच रिवाज धरला. साखर नको, नारळ नको, जिथं जाल तिथलं मूठभर धान आणा, एवढंच ती सांगते. धान आलं की ती ते सुपात ओतते, एक दाणा नखानं सोलते, दाताखाली धरते आणि हे खोल पाण्यातलं की माळावरचं ते सांगते. मग बाटली भरायची. बाटलीवर गावाचं नाव लिहायचं काम शेजारच्या हर्षाचं. ती सातवीत आहे आणि तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. अशा सतरा बाटल्या फळीवर जमल्या होत्या.

या हर्षाचे वडील म्हणजे भैय्याजी. साकोलीला त्यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतं विकतात. गेल्या वर्षी एका कंपनीचा माल त्यांनी एवढा खपवला की कंपनीनं त्यांना बँकॉकची पाच दिवसांची सहल दिली. घरातल्या बॅगेची चाकं तुटलेली. पाच दिवसांसाठी नवी कायले, असं त्यांच्या बायकोचं, रत्नाबाईचं म्हणणं पडलं. म्हणून भैय्याजी स्वतःच्या पायांनी बेबीबाईकडे आले आणि मला मागितलं. हे स्वतःच्या पायांनी आले तेवढं लक्षात ठेवा, मित्रांनो. बेबीबाईनं मला पुसून दिलं. तिकडेही धानच पिकतं म्हणतात, तेव्हा मूठभर आण, एवढं बोलली. त्यात काय काकी, पोतंभर आणतो, असं म्हणून भैय्याजी मला घेऊन निघाले.

नागपूरच्या विमानतळावर माझी पहिली फजिती झाली. बाकीच्या दुकानदारांच्या बॅगा चाकांच्या, गुळगुळीत, नुसत्या बोटानं ढकलाव्या अशा. त्यांच्यात मी, खांद्यावरची जुनी निळी! कंपनीच्या माणसानं प्रत्येक बॅगेवर चिकटवायला एक चकचकीत स्टिकर दिलं. भैय्याजींनी ते नेमकं पितळी पट्टीवर चिकटवलं. दादाजींचं नाव झाकलं गेलं आणि मित्रांनो, सांगताना जीभ अडखळते, मला बरं वाटलं. त्या झकपक बॅगांत मीही आता कोणीतरी झाले, असं मला वाटलं. माझ्या लाजेची सुरुवात तिथूनच आहे.

बँकॉक मी डोळे भरून पाहिलं. कपडे खोलीत काढून ठेवून भैय्याजी मला रोज खांद्याला लावत, खाऊ आणि खरेदी टाकायला. पहिल्या दिवशी आडव्या पहुडलेल्या बुद्धाचं देऊळ पाहिलं. मूर्ती एवढी लांब की डोक्यापासून पायापर्यंत जाताना भैय्याजी दोनदा थांबले. मग नदीतून नावेची सफर झाली. नावेत सगळे चिवडा खात होते, तो माझ्यातूनच निघाला. दुसऱ्या दिवशी बाजार. सात मजल्यांचं एकच दुकान म्हणावं असा तो बाजार, वर जायला सरकते जिने आणि माणसाला माणूस घासतंय. भैय्याजींनी हत्तीचे छाप असलेले चार शर्ट घेतले, रत्नाबाईला छत्री, हर्षाला पेन्सिलींची पेटी, मेव्हण्यांना डोकेदुखीच्या मलमाच्या डब्या आणि चिंचेच्या गोळ्यांच्या पिशव्या. प्रत्येक वस्तू माझ्या पोटात जात होती. मी फुगत होते आणि खूश होते.

भैय्याजींचा सोबती होता भोजराज, आंबागडकडचा दुकानदार, तोंडाचा मोठा फटकळ. त्यानं बाजारात सगळ्यांसमोर माझा पट्टा ओढला.

"काहून गा भैय्याजी, हे बॅग कोन्या जमान्यातली आनली?"

सगळे हसले. भैय्याजींचे कान लाल झाले. "माझी नाही गा," ते म्हणाले. "शेजारच्या म्हातारीनं गळ्यात मारली. तठलं धान आन म्हन्ते."

मग तर हसण्याचा गलकाच झाला. भंडारा सोडून बँकॉकला यायचं आणि न्यायचं काय, तर धान! तेवढ्यात भैय्याजींचा फोन वाजला. रत्नाबाईच्या फोनवरून बेबीबाईच समोर दिसत होती, डोक्यावर पदर घेऊन, बाजार पाहायला उत्सुक. धान पाहिलं का रे, एवढंच तिनं विचारलं. भोवतीचे दुकानदार कान टवकारून ऐकत होते. लवकर विषय संपावा म्हणून भैय्याजी बोलून गेले, "घेतलो काकी, बॅगेतच ठेवलो," आणि फोन बंद केला. माझा बाजूचा खिसा तेव्हा रिकामा होता. उलट्या काळजाचे नव्हते हो ते. चार लोकांत हसू होऊ नये, एवढ्यासाठी खोटं बोलले. बहुतेक खोटं असंच बोललं जातं.

चौथ्या दिवशी आमची बस शहराबाहेर गेली. खिडकीतून दोन्हीकडे धानाची हिरवीगार शेतं दिसली. भैय्याजी काचेला नाक लावून पाहत राहिले. मला वाटलं, आता उतरतील. पण बसमधल्या गाइड बाईनं माईकवर सांगितलं की फळं, रोपं, बी-बियाणं कोणी बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात. आता पाहा, किती सोपं होतं! बियाण्याच्याच धंद्यातला माणूस. घरी येऊन 'काकी, आणू देत नाहीत' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण आधी मारलेली थाप घशात अडकली होती. खरं कारण हाती असून ते सांगायची सोय राहिली नव्हती.

घरी आल्यावर रत्नाबाईनं मला उपसलं. शर्ट, छत्री, मलम, सगळं खाटेवर मांडलं आणि बाजूच्या खिशात हात घालून म्हणाली, "बेबीबाईचं धान कुठी हाय जी? ते तर साऱ्या मोहल्ल्याले सांगून बसली." हर्षानं तर अठराव्या बाटलीसाठी 'बँकॉक' असं लिहूनही ठेवलं होतं. माझ्या दुसऱ्या सामानात आहे, असं पुटपुटून भैय्याजी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला खांद्याला लावून साकोलीच्या दुकानात गेले. नव्या जातीच्या बियाण्याची एक थैली नुकतीच आली होती. लांब दाण्याचं ते धान गावात अजून कोणी पेरलेलं नव्हतं. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्यानं दाणे गुलाबी दिसतात, हे तुम्ही शेतकऱ्यांची मुलं जाणताच. भैय्याजींनी मूठभर दाणे ओल्या टॉवेलनं घासघासून पुसले, चिंचेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पिशवीत भरले आणि माझ्या बाजूच्या खिशात कोंबले. पिशवीवर तिकडची अक्षरं होती ना! माझी चेन अडकली. मी काही अडवलं नाही, मित्रांनो, ती गंजली होती म्हणून अडकली. त्यांनी जोर लावला आणि ती सरकली. ज्या खिशात दादाजींनी स्वतःच्या हातानं धान ठेवलं, त्यात मी ते खोटं नेलं.

बेबीबाई ओसरीवर वाट पाहत होती. बाटली धुऊन उन्हात वाळवली होती. हर्षा वडिलांच्या मागोमाग कागद आणि डिंक घेऊन आली होती. तिच्या चेहऱ्यावर केवढा तोरा! आपला बाप विमानानं जाऊन धान घेऊन आला. बेबीबाईनं खिसा उघडला, पिशवी सुपात ओतली, सूप नाकाशी नेलं आणि जराशी थांबली. दाना लांब हाय, एवढंच म्हणाली. मग नेहमीप्रमाणे एक दाणा उचलून नखानं सोलायला लागली.

भैय्याजींना हा रिवाज ठाऊक होता, पण आयत्या वेळी आठवला नव्हता. आता दाणा तिच्या ओठांकडे निघाला. औषधाचा दाणा! त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी खालून पाहत होते. एका दाण्यानं माणूस मरत नाही, असं त्यांच्या मनात आलंच असणार, कारण माझ्या मनात आलं. बोलावं तर लेकीसमोर नाक कापलं जातं. न बोलावं तर म्हातारीच्या तोंडात विष जातं. दाणा दातापर्यंत पोचला आणि त्यांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"नोको काकी, नोको खाऊ. औषध लावलं हाय त्याले. माझ्या दुकानातलं बियानं हाय ते."

हर्षाच्या हातातला कागद खाली पडला. भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. ते सुपातल्या दाण्यांकडे पाहत उभे राहिले. मग एकेक करून सगळं सांगितलं. फोनवरची थाप, भोजराजचं हसणं, तिथून बियाणं आणू देत नाहीत ते, आणि म्हातारीनं गळ्यात मारली म्हणाले तेसुद्धा. हे शेवटचं त्यांना सांगायची गरज नव्हती, कोणाला कळलं नसतं. तरी सांगितलं.

बेबीबाईनं दाणा परत सुपात टाकला. हात पदराला पुसला, तर पदरावर गुलाबी डाग उमटला.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "जनम गेला माझा धानात. औषधाचा वास सूप नाकाशी नेलं तवाच आला."

"मंग तोंडात काहून घालत होती, काकी?"

"तू बोलते का नाही, ते पाहून राहिली होती."

भैय्याजी पायरीवर बसले. आणू देत नाहीत, एवढंच सांगायचं होतं बापा, मी काय तुला फाशी देणार होते, असं बेबीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान आम्हा दोघांना तोंड लपवायला जागा मिळाली असती.

हर्षानं हळूच विचारलं, हा कागद फाडू का? बेबीबाई नको म्हणाली. कागद रिकाम्या बाटलीला चिकटवायला लावला आणि बाटली फळीवर बाकीच्या सतरांच्या शेजारी ठेवली. आता येणारा जाणारा विचारतो, ही एकच रिकामी का? बेबीबाई सांगते, तिकडे धान आहे, पण तिथून आणू देत नाहीत, भैय्याजी सांगत होता. त्याहून एक शब्द जास्त ती बोलत नाही. भैय्याजी समोर असले की खाली मान घालून ऐकतात.

त्या दिवशी जाण्याआधी भैय्याजींनी माझ्यावरचं स्टिकर नखानं खरवडून काढलं. डिंक काही पुरता निघाला नाही. 'दादाजी' मधला शेवटचा जी अजूनही मळकट दिसतो. कोणी मला हातात घेतलं की आधी तिथंच बोट जातं आणि मला सगळं आठवतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. कोणाची वस्तू मागून नेली तर तिच्यावरचं नाव झाकू नका. तिला जपा, पुसून परत करा, जमलं तर काही घालून द्या. नाही जमलं तर रिकामीच द्या, रिकाम्या बॅगेला कोणी हसत नाही. पण मागून आणलेल्या बॅगेत खोटं भरून परत करू नका. ते भरणारा विसरून जातो, ओझं मात्र बॅगेला वाहावं लागतं.

आता हर्षाच्या शाळेची सहल निघाली आहे. काल ती मला मागायला आली होती. बेबीबाईनं मला खुंटीवरून काढलं, तिच्या खांद्याला लावलं आणि तिथलं धान मिळालं तर आण, असं सांगितलं. हर्षानं माझ्या बाजूच्या खिशाची चेन उघडून पाहिली. आत काही नव्हतं. तिनं चेन पुन्हा लावली आणि म्हणाली, "नाही भेटलं, तर नाही भेटलं म्हनून सांगीन, आजी."

बेबीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.