गोणीत काय होतं?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. शहापुरात संदेशच्या घरी कपाटात पडून असतो. माझी काच अजून स्वच्छ आहे, तरी तो मला हातात घेत नाही. असं का, ते सांगतो.

संदेश एका साप्ताहिकाचा बातमीदार. मला गळ्यात अडकवून तो मोटारसायकलवरून शहापूर-मुरबाड पालथं घालायचा. खचलेला पूल, कुलूपबंद दवाखाना, धरणाशेजारी राहूनही घागरी वाहणाऱ्या बाया, सगळं मी टिपलं. "संदेशचा फोटो म्हणजे पुरावाच," असं लोक म्हणत. मी अभिमानाने फुगून जाई.

एका दुपारी सापगावपलीकडच्या पाड्यावर अंगणवाडीची मदतनीस ताराबाई डोक्यावर भरलेली गोणी घेऊन मागच्या दाराने निघाली. पोरांचा शिधा चोरीला जातो, अशी कुजबुज संदेशच्या कानावर आलीच होती. त्याने लांबूनच मला डोळ्याला लावलं. पुढच्या अंकात फोटो आला आणि वर ठळक मथळा: 'पोरांच्या तोंडचा घास मदतनीस बाईच्या घरी'.

ताराबाईचं काम सुटलं. विहिरीवर बाया तिच्याशी बोलेनात. शेवटी तिने साप्ताहिकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला.

संपादक ज्ञानेश्वरराव निर्धास्त होते. "बातमी खरी असली की दावा टिकत नाही," ते म्हणाले.

"पण ती खरी आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागेल," त्यांच्या वकिलांनी बजावलं. "खोटी आहे हे दाखवायचं ओझं त्या बाईवर नाही."

कोर्टात ताराबाई उभी राहिली. "छप्पर गळत हुतं. पोरांची बसायची बसकरं भिजून कुबट झाली हुती. ती धुवाया नेली," ती म्हणाली. शिधा जागच्या जागी होता, अशी साक्ष अंगणवाडी सेविकेनेही दिली.

संदेशचा चेहरा उतरला. जेवणाच्या सुट्टीत संपादकांनी त्याला बाजूला घेतलं. "गोणीच्या तोंडातून तांदूळ दिसत होते, एवढंच सांग. नाहीतर साप्ताहिक बुडेल."

दुपारी तो पिंजऱ्यात उभा राहिला. मी समोर टेबलावर होतो. ताराबाईच्या वकील वैष्णवीताईंनी शांतपणे विचारलं, "गोणीत काय होतं, ते तुम्ही पाहिलंत?"

संदेशने खाली मान घातली. माझ्या मनात आलं, मीही तर गोणी फक्त बाहेरून पाहिली होती.

"नाय," तो म्हणाला. "पाहिलं नाय. कोणाला विचारलं पण नाय."

साप्ताहिक हरलं. पहिल्या पानावर माफी छापावी लागली. ताराबाईला काम परत मिळालं, संदेशचं गेलं. तरीही त्याच्या जिवाला चैन पडेना. एके दिवशी मला खांद्याला अडकवून तो तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ती तांदूळ पाखडत होती.

"काकी, माझं चुकलं," तो म्हणाला.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लांबून फोटो काढलास रे पोरा. तवा एक हाक मारली असतीस, तर मीच गोणी उतरवून दाखवली असती."

संदेश तसाच परत फिरला आणि घरी येताच त्याने मला कपाटात ठेवून दिलं.

मित्रांनो, आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात माझं एखादं धाकटं भावंड असतं. त्याला जपा, असं मी सांगणार नाही. त्याच्या समोर जो माणूस येईल, त्याला जपा. आधी हाक मारा, आणि तो काय सांगतो ते ऐका.