टाकीला लावलेला शेंदूर

सत्तावन्न सालच्या त्या सकाळी रघू ड्रायव्हरची नोकरी टांगणीला लागली होती. त्याचे मालक, शहापूरचे भातगिरणीवाले सावळारामशेट यांनी सरळ बजावलं होतं, "आज मुरबाडच्या वाटेत गाडी बंद पडली तर तू घरी. पेट्रोल इकतोस तू!"

गाडी लढाईच्या आधीची, तीन मालकांच्या हातून फिरून आलेली. दर खेपेला थोडे मैल गेली की आचके देऊन थांबायची. रघू टाकीचं झाकण उघडायचा, काठी बुडवून पेट्रोल दाखवायचा, झाकण लावायचा, आणि गाडी निमूट चालू व्हायची. शेटना यात हातचलाखी दिसे. रघूला काहीच उमगत नव्हतं, आणि चोर म्हणवून घेताना त्याचा जीव नुसता जळत होता.

किन्हवलीच्या पुढे गाडी थांबलीच. रघू काठी घेऊन उतरायला निघाला.

"तू हलू नको," म्हणत शेट स्वतः उतरले आणि झाकण फिरवलं. टाकीनं फुस्स करून हवा ओढली. आत पेट्रोल भरपूर. चोर पकडायला निघालेल्या शेटचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला.

मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या, "अवो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट येतं का? वारा आत जाया दुसरं लागतं. त्या झाकणाला नाय का?"

होतं की! झाकणाच्या मधोमध बारीक भोक होतं, आणि त्यावर शेंदराचा जाड थर बसला होता. गाडी जिथून खाते तेच तिचं तोंड, असं ठरवून शेट रोज सकाळी तिथंच शेंदूर थापत.

"तुला रोज दिसत व्हता ना? मंग पुसला का नाय?" शेट रघूवरच उखडले.

"तुमी देवाच्या नावानं लावलेला शेंदूर मी कसा पुसू, शेट?"

शेटनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. पुसायला त्यांचाही हात होईना. मुरबाडला भाचीचं लग्न खोळंबलेलं, आणि हे दोघे बाप्ये रस्त्यात झाकणाकडे बघत उभे. शेवटी अंबूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, "देवा, राग धरू नको," म्हणाल्या आणि भोक मोकळं केलं.

गाडी पुढे कुठंच अडली नाही. मांडवापाशी रघूनं मन घट्ट करून विचारलं, "शेट, माझ्या नोकरीचं काय?"

शेटनी टोपी सारखी केली, उगाच खाकरले.

"उद्यापासनं गाडीची पूजाबी तूच कर," ते म्हणाले. "मला भोकं दिसत नाय."