वैद्याने लिहिलेली चार वाक्यं

डॉ. सुभद्रा त्रिलोकेकर चोपन्नाव्या वर्षी लालबागचा दवाखाना बंद करून संस्कृत शिकायला लागल्या, त्याचं मूळ रागात होतं. दवाखान्यात रोज कुणीतरी सांगायचं, "बाई, आपल्या ग्रंथांत सगळं लिहून ठेवलंय." आणखी कुणी म्हणायचं, "त्या पोथ्यांत काय आहे? सगळा भंपकपणा." वाचलंय का विचारलं की दोघंही विषय बदलायचे. बाईंना दोघांचाही राग यायचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण वाचलं त्यांनीही नव्हतं.

मग त्या विशीतल्या पोरांसोबत एम.ए.च्या बाकावर बसल्या. मोडी शिकल्या. गिरगावातल्या घरात औषधांची कपाटं रिकामी करून तिथे कोश लावले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पीएच.डी. झाली ती एका कोकणी वैद्याच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या, संस्कृत आणि मोडी मराठीत लिहिलेल्या वहीवर. त्या वैद्याने मधुमेहावरचं एक चूर्ण लिहून ठेवलं होतं. मोठ्या माणसांना त्याने थोडा उतार पडतो, असं म्हटलं होतं. खाली चार वाक्यं होती : "पाच मुलांस दिले. पाचही गेली. मुलांस देऊ नये. मज उपाय ठाऊक नाही." ही वाक्यं पहिल्यांदा उलगडली त्या दिवशी बाईंनी वही मिटून ठेवली. पुढे दोन दिवस त्यांना काम करवलं नाही.

अनुवाद दादरच्या एका संशोधन मंडळाने छापायला घेतला आणि बाईंना आपल्या सल्लागार समितीवरही घेतलं. मंडळाचे कार्यवाह दौलतराव राजाध्यक्ष यांनी मुद्रितं दाखवली, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी जाईबाई दारात उभी राहिली. लालबागला मसाला कांडपाच्या गिरणीवर काम करणारी, दवाखाना बंद झाल्यावरही गेली पंचवीस वर्षं बाईंकडे येत राहिलेली पेशंट. सोबत मधुमेह असलेली नऊ वर्षांची नात, ओवी. पोरगी आजीच्या अंगावर कलंडली होती, धापा टाकत होती.

"डॉक्टरीणबाय, हिका बघा. काल रातीपासून ओकता."

बाई वाकल्या. पोरीच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा गोडसर वास होता.

"इन्सुलिन कधी दिलंस शेवटचं?"

जाईबाईने पदराने पोरीचं तोंड पुसलं.

"जाई, कधी?"

"आठ दिस झाले."

बाईंनी चप्पल शोधली नाही. घरातल्या सपाता घालून दोघींना टॅक्सीत बसवलं आणि परळच्या हॉस्पिटलात नेलं. ओवीला आत घेतल्यावर बाकावर बसून त्या ओरडल्याच, "कुणी सांगितलं तुला इंजेक्शन बंद करायला?"

जाईबाईने पिशवीतून एक चोपडं काढलं. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो. खाली मंडळाचं नाव आणि ठळक अक्षरांत, 'मधुमेह मुळापासून बरा : लहानथोरांसाठी'. सोबत चूर्णाची डबी.

"तुमचो फोटो होतो त्याच्यार. म्हणान विश्वास ठेवलंय."

बाईंनी पानं उलटली. अनुवाद त्यांचाच होता, शब्दन् शब्द. वैद्याची चार वाक्यं तेवढी नव्हती.

जाईबाईवर ओरडल्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तिचा तिखटाने कायमचा लाल झालेला हात हातात घेतला आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत सोडला नाही. चौथ्या दिवशी ओवी उठून बसली. तिने इडली मागितली, तेव्हा बाई तिथूनच दादरला गेल्या.

दौलतरावांनी चहा मागवला. "बाई, मोठं पुस्तक कोण घेतं हो? म्हणून लोकांसाठी छोटी आवृत्ती काढली. चूर्ण करणाऱ्यांनी छपाईला हातभार लावला."

"आणि ती चार वाक्यं?"

"निराशेचा सूर कशाला ठेवायचा? आपल्या परंपरेचा अभिमान वाटावा असं काहीतरी..."

"अभिमान?" बाई उभ्याच होत्या. "त्या माणसाच्या हातून पाच मुलं गेली. कुणी विचारणार नव्हतं. तरी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, मला उपाय ठाऊक नाही. अख्ख्या वहीत अभिमान वाटावा अशी जागा कुठली असेल, तर तीच होती. तीच तुम्ही खोडलीत!"

"तुम्ही शेवटी डॉक्टर. तुमचा ओढा गोळ्या-इंजेक्शनांकडेच असणार."

"मी त्या वैद्याच्या बाजूने बोलतेय, दौलतराव. त्याला खोटारडा ठरवलंत तुम्ही. आणि माझ्या फोटोखाली!"

पुढच्या आवृत्तीत बघू, असं ते म्हणाले. चहा तसाच ठेवून बाई निघाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी औषध प्रशासनाकडे तक्रार दिली; सोबत मूळ पानाचा फोटो, त्याचं देवनागरी लिप्यंतर आणि ओवीचे रिपोर्ट. तिथल्या अधिकाऱ्याने गोंधळून विचारलं, "मॅडम, तुम्ही तक्रार डॉक्टर म्हणून करताय की संस्कृतच्या अभ्यासक म्हणून?"

"दोन वेगळे फॉर्म असतील तर दोन्ही द्या," बाई म्हणाल्या.

चौकशीला वेळ लागणार होता. तोवर त्यांनी ती चार वाक्यं मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि जाईबाईला घेऊन लालबागच्या चाळींत दारोदार फिरल्या. जाईबाई स्वतःच सांगायची, "माझी नात मरत होती. चूक माझी झाली, तुम्ही करू नका." पहिल्या दोन दारांत तिचा आवाज चिरकला. तिसऱ्यापासून ती खणखणीत बोलायला लागली. तीन घरांत मुलांना ते चूर्ण चालू होतं. बाईंनी तिन्ही डब्या घेतल्या आणि मुलांना दुसऱ्या दिवशी स्वतः हॉस्पिटलात नेलं.

पावसाळ्याअखेर चूर्णाचा साठा जप्त झाला. मंडळाने बाईंना सल्लागार समितीतून काढलं. 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा' असं पत्रात कारण होतं. दिवाळीत चोपड्याची नवी आवृत्ती आली. बाईंचं नाव, फोटो, दोन्ही गायब. 'लहानथोरांसाठी' हे शब्दही गेले होते. पण वैद्याची चार वाक्यं याही वेळी नव्हती.

ओवीने ते चोपडं चाळून विचारलं, "आता तर तुमचं नावच नाहीये. मग कशाला चिडताय?"

"म्हणून तर जास्त चिडलेय. माझं नाव काढायचं सुचलं, त्याची चार वाक्यं घालायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि दुसरी तक्रार लिहायला बसल्या.