ढाबळीवर उतरलेली बेरिल

ऑगस्टमधला शनिवार आणि त्यात चक्क ऊन पडलेलं, मग लेडस्टो गावच्या किल्ल्यावर पाय ठेवायला जागा कुठून मिळणार? सकाळी वाफेच्या गाडीत फिरून आलेली, दुपारी बाजारातल्या मांस भरलेल्या पोर्क पायवर ताव मारलेली सगळी जनता आता हिरवळीवर चादरी अंथरून सैलावली होती. कुणी थर्मासमधला चहा ओतत होतं, कुणी नवऱ्याच्या लालबुंद टकलावर क्रीम चोळत होतं. नजर मात्र सगळ्यांची एकाच ठिकाणी होती, हेस्टर प्रॉबर्टच्या डाव्या हातावर.

त्या हातावरच्या जाड चामडी मोज्यावर बेरिल बसली होती. बहिरी ससाण्याची मादी. नाव एखाद्या पेन्शनर म्हातारीचं आणि नजर फौजदाराची. हे नाव हेस्टरच्या नवऱ्यानं, इव्हरनं, आपल्या एका कडक मावशीवरून ठेवलं होतं. किल्ल्यावरचे पाखरांचे खेळ नवरा-बायको वर्षानुवर्षं जोडीनं करत आले होते. घुबडं हेस्टरची, बेरिल इव्हरची, अशी वाटणी ठरलेली. मग फेब्रुवारीत एका सकाळी इव्हर पिंजरे धुता धुता खाली बसला तो उठलाच नाही.

किल्ल्याचा कारभार बघणारी फिलिपा मनानं वाईट नव्हती, पण तिला हंगामाची काळजी होती. "हेस्टर, तुझी घुबडं गोड आहेत गं," ती एप्रिलमध्ये म्हणाली होती, "पण लोक तिकीट काढतात ते ससाण्यासाठी. तुला जमणार नसेल तर बाहेरून कुणालातरी बोलवावं लागेल."

"जमेल," हेस्टर म्हणाली होती. इव्हरची बेरिल दुसऱ्या कुणाच्या हातावर बसलेली तिला बघवली नसती.

आणि जमलंही, रडतखडत का होईना. बेरिल उडायची, दोन घिरट्या घ्यायची आणि हेस्टरनं दोरीला बांधून फिरवलेल्या पिसांच्या गोळ्यावर झेप घेऊन खाली यायची. पण यायची ती उपकार केल्यासारखी. इव्हरसाठी ती दगडासारखी सरळ कोसळायची, बायका किंचाळायच्या. हेस्टरसाठी तिचं सगळं सावकाश, मान वाकडी करून.

ससाण्याचं सगळं भुकेवर असतं. पोटात थोडी आग असेल तर तो परत येतो, पोट भरलेलं असेल तर त्याला मालक कोण आणि नोकर कोण? आदल्या दिवशी बेरिल मलूल वाटली म्हणून हेस्टरनं तिला जरा जास्तच खाऊ घातलं होतं. सकाळी वजनकाट्यावर ती जडच भरली. इव्हर असता तर म्हणाला असता, आज ही घरी. पण एवढी माणसं दुरून आलेली. हेस्टरनं बेरिलच्या डोळ्यांवरचं टोपडं काढलं आणि हात उंचावला.

बेरिल उठली. बुरुजावरून फिरली, वाऱ्यावर चढली आणि चढतच राहिली. हेस्टरनं गोळा फिरवला, हाका मारल्या. वर एक ठिपका उरला. मग त्या ठिपक्यानं गावाची वाट धरली आणि तो दिसेनासा झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळच.

"येईल हो," पुढच्या चादरीवरची एक आजीबाई धीर देत म्हणाली, "आमचे हे पण असेच जायचे. जेवायच्या वेळी बरोब्बर दारात हजर!"

सगळे हसले. हेस्टरही ओढूनताणून हसली. घुबडांचं सगळं तिनं मदतनीस बाईवर सोपवलं, पिशवी खांद्याला लावली आणि किल्ल्याचा उतार धावतच उतरली. बेरिलच्या शेपटीला खुणेचं छोटं यंत्र होतं. हेस्टरच्या हातातला डबा ते जिथं असेल तिकडे धरला की टिकटिक करायचा. टिकटिक येत होती, पण क्षीण.

बाजार उठायच्या बेतात होता. चर्चसमोरच्या चौकात भाजीवाले उरलेले फ्लॉवरचे गड्डे निम्म्या भावात ओरडून विकत होते. मनोऱ्यावर एरवी गुटर्गू करत बसणारी कबुतरं मात्र कुठंच नव्हती. हेस्टरला तेवढी खूण पुरे होती.

"तुझी मावशी आली होती इथं," मांसाच्या गाडीवरून डगनं हाक मारली. डग खाटीक इव्हरचा पबमधला सोबती. "मनोऱ्यावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्यावर बसली, सगळ्या चौकाकडे असं बघितलं जसं काही आम्ही तिचे भाडेकरू. मग उडाली कालव्याकडे."

"कालव्याकडे कुठं?"

डगनं सुरी फडक्याला पुसली. "सांगायला जीभ रेटत नाही, हेस्टर. हॉबडेंच्या ढाबळीच्या बाजूला."

हेस्टर जागच्या जागी थांबली. लेडस्टोत इतकी छपरं असताना या बयेला तेवढंच एक मिळावं?

सिरिल हॉबडे हे रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले. बायको नाही, मूलबाळ नाही, जे काही होतं ते परसातल्या ढाबळीत. शर्यतीची कबुतरं, दूर नेऊन सोडली की उडत घरी परतणारी. तीन वर्षांपूर्वी त्यांचा सगळ्यात चांगला निळा नर फ्रान्सपासून समुद्र ओलांडून घराच्या अगदी जवळ आला आणि कालव्यावर बेरिलनं त्याला हवेतच उचललं. इव्हर माफी मागायला गेला, तर हॉबडेंनी त्याच्या तोंडावर दार आपटलं. तेव्हापासून हेस्टर समोरून येताना दिसली की ते रस्ता ओलांडायचे. इव्हरच्या अंत्यविधीला सगळं गाव आलं, हॉबडे आले नाहीत. आणि आज शनिवार, शर्यतीचा वार. म्हणजे आजही त्यांची कबुतरं फ्रान्सहून परतायची होती.

डगनं कागदात कोवळ्या लावा पक्ष्याचं मांस गुंडाळून तिच्या पिशवीत कोंबलं. "जा पोरी. खाऊन नाही टाकणार तुला म्हातारा. कबुतरवाला आहे, दाणे खातो."

कालव्याकाठच्या गल्लीत टिकटिक जोरात होत गेली. हॉबडेंच्या परसाचं फाटक अर्धवट उघडं होतं. आत वाटाण्याच्या वेलांपलीकडे हिरवी रंगवलेली लाकडी ढाबळ, आणि तिच्या छपराच्या कण्यावर, अगदी मधोमध, बेरिल. पंख नीट मिटलेले, मान डौलात.

हॉबडे खाली एका पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर लांब दांड्याचा झाडू. हेस्टरनं फाटक ढकललं.

"मिस्टर हॉबडे, हात जोडते, तिला मारू नका—"

"हळू बोला!" ते मान न वळवता पुटपुटले. "आणि ते फाटक कुरकुरू देऊ नका. मघापासून जपतोय मी तिला."

हेस्टरला ऐकलेलं खरं वाटेना. "जपताय?"

"मग काय करू? बादली बडवली तर उडेल. उडाली तर त्या विजेच्या तारांत जाईल, नाहीतर टेकडीपलीकडे. मग बसा शोधत." त्यांनी झाडूनं शेजारच्या घराकडे दाखवलं. "मांजर दोनदा येऊन गेलं. तेवढ्यासाठी हा झाडू."

तिनं त्या दिशेनं पाहिलं. शेजारच्या धुराड्यामागे अंग चोरून एक राखाडी कबुतरी बसली होती. मान खाली, छाती धपापत होती.

"तुमची?"

"माझी. पहिली आली आज. सगळ्या क्लबात पहिली असेल, वारा बघता." हॉबडेंचा आवाज कोरडा होता. "पण ढाबळीत शिरल्याशिवाय यंत्र वेळ धरत नाही. आणि दारावर ही यमाची आत्या बसल्यावर ती कशाला आत येते?"

 म्हाताऱ्यानं एकदा जोरात टाळी वाजवली असती तर बेरिल गेली असती, कबुतरी उतरली असती, शर्यत त्यांची झाली असती. आणि ते आपलं बादलीवर बसून मांजर हाकलत होते.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली. "सकाळी जड होती ती. उडवायला नको होतं."

"ते नंतर. आधी उतरवा तिला."

हेस्टर वाफ्यांमधून पुढे झाली. लाव्याचं मांस गोळ्याला बांधलं आणि दोरी फिरवू लागली. "बेरिल! बेरिल, ये गं!" बेरिलनं एक पाय पिसांत ओढून घेतला आणि कालव्याकडे तोंड केलं. पुन्हा हाका झाल्या, पुन्हा गोळा फिरला. तिनं चोच पिसांना पुसली. हेस्टरचा खांदा भरून आला, डोळेही.

"असं नाही," हॉबडे मागून म्हणाले. "तुमचा नवरा हाका नव्हता मारत. शीळ घालायचा."

"मला ती शीळ येत नाही. खूप प्रयत्न केला. नुसती हवा जाते."

हॉबडे गुडघ्यांवर हात टेकत उठले. त्यांनी बोटं विजारीला पुसली, तोंडात घातली आणि शीळ घातली. एक लांब, खालून वर चढत गेलेली, मग मध्येच तुटलेली, आणि तिच्या पाठीवर दोन आखूड.

हेस्टरच्या हातातली दोरी थांबली. ती हुबेहूब इव्हरची शीळ होती. तो लांब सूर तोडताना जो किंचित थरथरवायचा, तो थरथराटही तसाच. फेब्रुवारीपासून तिनं तो आवाज कानांत आणायची कितीदा धडपड केली होती, आणि तो तिला दरवेळी हुलकावणी देत होता. आता तो वाटाण्याच्या वेलांवरून भर दुपारी मोठ्यानं वाजत होता. पाठीमागे वळून बघायचा तिला धीर होईना.

वर बेरिलची मान झटक्यात वळली.

"फिरवा, बाई, फिरवा!" हॉबडे ओरडले आणि पुन्हा शीळ घातली.

हेस्टरनं डोळ्यांत पाणी तसंच ठेवून दोरी गरगरा फिरवली. बेरिल कण्यावरून सुटली, परसावर एक घिरटी घेऊन उंच गेली, पंख मिटले आणि दगडासारखी सरळ खाली आली. गोळा धप्पकन गवतात आपटला. हेस्टर गुडघ्यांवर बसली, मोज्यातलं मांस पुढे केलं. बेरिल हातावर चढली तशी तिनं पायांतल्या चामडी वाद्या मुठीत घट्ट धरल्या आणि टोपडं चढवलं. मग ती तिथंच, गवतात, हुंदके देऊन रडली.

हॉबडे बराच वेळ वाटाण्याच्या शेंगा चाचपत राहिले. बाई माणूस रडत असताना काय करायचं हे त्यांना सिग्नलच्या केबिनमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

"कुठं शिकलात?" तिनं शेवटी विचारलं.

"शिकतोय कुठला! रोज दुपारी किल्ल्यावरून ऐकू यायची. ती आली की मी धावत सुटायचो पाखरं आत कोंडायला. त्या शिळेला इतक्या शिव्या घातल्यात मी, की पाठच झाली." ते थोडं थांबले. "फेब्रुवारीनंतर ऐकू येईना. मी मात्र त्या वेळेला उठून दारापर्यंत जायचोच. मग आठवायचं."

तेवढ्यात धुराड्यामागची कबुतरी धीर करून खाली आली आणि खुडबुडत ढाबळीत शिरली. यंत्र वाजलं. हॉबडेंनी आत जाऊन तिला हातात घेतलं, पंख उघडून तपासले आणि पाण्याच्या भांड्याशी सोडलं.

"शर्यत गेली ना?" हेस्टरनं विचारलं.

"गेली. पण कबुतरी आली." त्यांनी किटली चढवायला घराकडे पाय वळवले आणि दारात थांबले. "त्या दिवशी तुमचा नवरा आला होता. दार आपटल्यावरही पावसात उभा होता बाहेर. मी पडद्याआडून बघत होतो. उघडायला हवं होतं मी."

"त्यानं घरी येऊन सांगितलं होतं," हेस्टर म्हणाली, "की त्याच्या बेरिलला कुणी मारलं असतं तर त्यानंही आपटलं असतं."

हॉबडे आत गेले. त्यांनी दोन कप आणले, आणि तिच्या कपात न विचारता तीन चमचे साखर घातली.

किल्ल्यावर परतल्यावर हेस्टरनं फिलिपाला सांगितलं, की यापुढे शनिवारी बेरिल उडणार नाही. शनिवारी घुबडं, रविवारी ससाणा. फिलिपानं कपाळाला हात लावला. शनिवारी तर दूरदूरच्या बसगाड्या येतात, जाहिरातीच्या फलकांवर ससाण्याचंच चित्र आहे, वगैरे वगैरे. हेस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. ती इतकं ठाम बोलू शकते हे दोघींनाही नवीन होतं. शेवटी घुबडांना लोकांच्या रांगांवरून अगदी डोक्याला पंख लागतील असं उडवायचं ठरलं, आणि पुढच्या शनिवारी बायका त्यालाही मनसोक्त किंचाळल्या.

पबमध्ये डगनं तिला वेगळंच सांगितलं. हॉबडेंच्या क्लबात म्हणे चर्चा झाली, एवढी चांगली कबुतरी मागे कशी पडली? हॉबडे म्हणाले, वारा आडवा होता. ससाण्याचा उल्लेखही केला नाही.

सप्टेंबरातल्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी घुबडांचा खेळ उरकून हेस्टर घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन कालव्याकाठी गेली. हॉबडेंनी तिच्यासाठी दुसरी बादली पालथी घातली.

"बस, हेस्टर. दक्षिणेला बघ, त्या कारखान्याच्या डावीकडे. आणि बोलू नकोस उगीच, माझं लक्ष उडतं."

ती बसली. आयुष्यभर तिनं आभाळ न्याहाळलं होतं ते ससाण्यासाठी. आज पहिल्यांदाच कबुतराची वाट बघत होती. खूप वेळ काहीच दिसलं नाही, आणि हॉबडे स्वतःच अखंड बोलत राहिले.