माझ्या दोन्ही मुठी परत द्या

अध्यक्षमहाशय, माझी एक मूठ तुम्ही काढून नेलीत. अध्यक्षबाई, दुसरी तुम्ही नेलीत. भर सभेत, सगळ्या सभासदांच्या देखत हे झालं, आणि इतिवृत्तात काय लिहिलंत? 'वाटणी खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' खोटं आहे ते. एकाची पक्कड फिरत होती तेव्हा दुसऱ्याची नजर माझ्याकडे नव्हती. एक जण छताकडे बघत होता आणि दुसरी खिडकीबाहेर.

हे मी तोंडावर बोलते. कुजबुजणं मला जमत नाही. मी पोलादाची आहे, जरा हलले तरी खळखळते.

मित्रांनो, हे भांडण कळायचं तर आधी मी कोण ते कळायला हवं. मी एक जुनी साखळी आहे. झोपाळ्याची नाही, सायकलची नाही, कुत्र्याच्या गळ्यातली तर नाहीच नाही. मी जमीन मोजायची साखळी. पोलादी तारेचे वीतभर तुकडे, ते जोडणाऱ्या लहान कड्या, जागोजाग पितळी खुणा, बरोबर मध्यावर एक गोल चकती, आणि दोन टोकांना दोन पितळी मुठी. नवशिके मला पहिल्या कडीपासून मोजायला लागत आणि सगळे त्यांना हसत. कारण माझी लांबी एका मुठीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या मुठीच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. मुठी म्हणजे माझे दागिने नव्हेत. त्या माझ्या मापात धरलेल्या आहेत.

मापं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरानं माझी एकेक तार ऐरणीवर सरळ केली, टोकं वळवली, तेल पाजलं आणि मला ताणून बघितलं. पहिला ताण मला अजून आठवतो. ढिगाऱ्यात पडलेली मी तोवर नुसतं लोखंड होते. दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढलं तेव्हा मी साखळी झाले.

मला विकत घेतलं ते मोजणीदार आणि नकाशाकारांच्या संघानं. मला वाटलं, आता शेतं बघायची, नदीचे काठ बघायचे. पण मला नेऊन ठेवलं एका लांबट पेटीत, मखमलीवर. का, तर मी संघाची नमुना साखळी होते. शेतात फरपटून फरपटून साखळ्यांच्या कड्या उघडतात आणि त्या लांबतात. साखळी लांबली की शेत कागदावर आखूड पडतं. तारा वाकल्या तर उलटं होतं. म्हणून वर्षातून एकदा सगळ्या सभासदांनी आपापल्या साखळ्या आणायच्या आणि माझ्याशेजारी ताणून ताडून बघायच्या, असा संघाचा नेम होता. मी बाहेर गेले तर मीही बिघडणार. म्हणून मी आतच.

त्या दिवशी व्हरांडा नुसता गजबजायचा. व्हरांडा बांधलाच होता माझ्या लांबीचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी मधोमध ताठ पसरलेली, आणि शेजारी एकेक साखळी येऊन पडायची. कुणाच्या कड्यांत गवत अडकलेलं, कुणाला ओल्या मातीचा वास, कुणाला खाऱ्या पाण्यानं गंज धरलेला. एक डोंगरातली साखळी दरवर्षी लाल मुरूम घेऊन यायची. सगळ्या माझ्यामुळे दुरुस्त होऊन परत जायच्या, आणि मी पुन्हा मखमलीवर. संघाच्या स्मरणिकेत माझं कौतुक छापून यायचं, 'संघाचा मानबिंदू'. मानबिंदूला विचारा, चिखल कसा असतो. मानबिंदूला माहीत नाही.

मला ताणण्याची एक पद्धत होती. शून्याच्या टोकाला जो असेल त्यानं विचारायचं, 'धरलंस?' दुसऱ्या टोकाच्यानं म्हणायचं, 'धरलं.' हे उत्तर आल्याशिवाय कुणी आकडा वाचायचा नाही. आणि नवा सभासद व्हायचा असेल तर त्यानं एकदा माझं टोक धरायचं. संघात येण्याचा हा शेवटचा विधी.

ही पद्धत पाडली संघाच्या पहिल्या चिटणीसांनी. ते आपली दोन मुलं त्या दिवशी घेऊन यायचे. मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी शून्याच्या टोकाला, मुलगा दुसऱ्या. वडील मध्ये माझ्या गोल चकतीपाशी उभे.

"सारखं ओढा रे. ही काय रस्सीखेच आहे का?"

"बाबा, हा मुद्दाम जोर लावतो."

"ती ढिली सोडते, मी काय करू?"

"भांडायचं तर भांडा, पण हातातलं सोडू नका. एकानं सोडलं की ती दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसते."

मुलगी मोठी होऊन नकाशे काढू लागली. भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून सगळा संघच तिला ताई म्हणू लागला. मुलगा मोजणीदार झाला. उभा राहिला की वाकायचं नाव नाही, गवंड्याच्या दोरीला सरळ लोंबणाऱ्या वजनासारखा, म्हणून तिनंच त्याचं नाव ठेवलं, ओळंबा. तेही सगळ्यांनी उचललं. वडील गेले तरी माझी दोन टोकं या दोघांच्याच हातात राहिली. दरवर्षी सगळ्यांचं ताडून झालं की ही दोघं मला उगाचच एकदा ताणायची. काही मोजायचं नसायचं. "धरलंस?" "धरलं." मग हसायची आणि मला गुंडाळायची. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या उगाचची.

मग दिवस बदलले. साखळ्या येईनाशा झाल्या. पोलादी फीत आली, किरणानं मोजणारी यंत्रं आली, आणि उपग्रहांच्या चित्रांवरून संगणकावर नकाशे करणारी मंडळी आली. त्यांनी संघाचं सभासदत्व मागितलं. माझी गरज संपली होती, हे मला कळत होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माप कुणीही घ्यावं, नीट घ्यावं, एवढंच.

पण सभा भरली आणि ताई म्हणाली, "यांना ते टोक धरण्याचं नाटक नको. अर्ज बघा आणि घ्या."

ओळंबा उभा राहिला. "नाटक? बाबांनी घालून दिलेलं आहे ते."

"बाबा असते तर त्यांनी आधी यांचा संगणक शिकून घेतला असता."

"ज्याच्या बुटाला कधी चिखल लागला नाही तो मोजणीदार कसला?"

"चिखल ही काय पदवी आहे का रे?"

लोक हसले. ओळंबा हसला नाही. त्या हसण्यात काहीतरी तुटलं. नव्या मंडळींतली एक जण मागच्या खुर्चीवरून म्हणत होती, "पण आम्ही धरतो की. द्या ना." दोनदा म्हणाली. तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती? पेटीत मी होते, मला ऐकू आलं. ओळंब्याला तिच्या हातात माझं टोक देता आलं असतं. ताईला तिला 'धर गं' म्हणता आलं असतं. एवढ्यावर सगळं निभावलं असतं.

संघाचे दोन संघ झाले. मोजणीदारांचा एक, त्याचा अध्यक्ष ओळंबा. नकाशे आणि नव्या तंत्राचा दुसरा, त्याची अध्यक्ष ताई. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, नकाशांचे खण वाटले. राहिली इमारत. तिचा मध्य काढायचा होता. त्याच्या फितीवर हिचा विश्वास नाही, हिच्या यंत्रावर त्याचा नाही. मग कुणीतरी म्हणालं, "नमुना साखळी आहे ना. तिच्याबद्दल तर दोघांचं दुमत नाही?"

मला पेटीतून काढलं. मित्रांनो, खरं सांगते, मी हरखले. जन्मभर दुसऱ्यांच्या साखळ्या तपासल्या, आज पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी मोजणार होते. व्हरांड्यात मला पसरलं. ताई शून्याच्या टोकाला, ओळंबा दुसऱ्या.

"धरलंस?"

"धरलं."

आवाज तेच होते. ताण इतका सारखा बसला होता की माझ्यात जरासुद्धा झोल नव्हता. मग कुणीतरी माझ्या गोल चकतीखाली, जिथं वडील उभे राहायचे तिथं, खडूची रेघ मारली. तेव्हा मला कळलं की मी काय मोजलं.

त्या रेघेवर भिंत आली. व्हरांडाही कापला तिनं. भिंत केसभरही इकडेतिकडे नाही. तिच्यावरून आजवर एक तक्रार झालेली नाही, इतकं माझं माप चोख. हेच माझ्या आयुष्यातलं एकमेव माप.

शेवटी माझी वाटणी. "तू ठेव," ओळंबा म्हणाला. "मला तुझे उपकार नकोत," ताई म्हणाली. मधून तोडायला दोघांचाही हात धजला नाही, एवढी तरी लाज होती. मग मुठी काढल्या. पक्कड एकच होती. आधी त्यानं वापरली, मग तिच्यापुढे सरकवली. आता एक मूठ त्याच्या टेबलावर कागद दाबायला आहे. दुसरी हिच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत आहे, खाली लिहिलंय 'आमची परंपरा'. आणि उरलेली मी मागच्या बोळात, फळीवरच्या खोक्यात. पाण्याची टाकी त्या बोळात आहे म्हणून तेवढा बोळ दोघांचा सामाईक. मखमल गेली, गंज आला. त्याचा खोकला मला इकडून ऐकू येतो आणि हिच्या चपलांचा आवाज तिकडून. तो पाण्याला यायला निघाला की ही थांबते. ही निघाली की तो.

मध्यंतरी झाडलोट करणाऱ्या मावशींनी खोकं खाली ओढलं. तळ फाटला आणि मी खळकन बोळभर सांडले.

"अहो साहेब, हे भंगारात घालू का?" मावशी एका दारातून ओरडल्या.

"नको, असू दे."

"ताई, हे टाकायचं का हो?" दुसऱ्या दारातून.

"नको, असू द्या."

"मग उचला तरी. पाय अडकून मी पडले तर कुठल्या संघाकडे जाऊ?"

दोघंही आले. दोघंही वाकले. ओळंबा वाकला, मी पाहिलं. ज्याच्या त्याच्या हाताला जे टोक लागायचं तेच लागलं, आणि सवयीनं दोघांनी थोडंसं ओढलं. बोळ तो केवढा. मध्ये माझी वेटोळी पडली होती, ताण कुठला बसणार? तरी माझ्या अंगातून काहीतरी सरकन गेलं.

ताईनं बोटं आत घातली, मुठीत घालतात तशी. मूठ नव्हती. उघडी तार तिच्या बोटाला टोचली.

"रक्त येतंय," ओळंबा म्हणाला.

"येऊ दे."

"ताई, तू..." तो एवढंच म्हणाला. आत कुणाचा तरी फोन वाजला. दोघं आपापल्या दारानं गेले. मावशींनी मला नव्या खोक्यात भरलं आणि पुटपुटल्या, "एवढे शिकलेले, आणि एक वेटोळं घालता येईना."

मित्रांनो, तुम्ही घरात, शाळेत, मंडळात कधी ना कधी वाटणी कराल. खुशाल करा. कपाटं वाटा, खुर्च्या वाटा. पण आधी बघा की एखादी गोष्ट दोघांनी धरल्यावरच तिला अर्थ येतो का. तशी असेल तर तिला पक्कड लावू नका. आणि जुनी वस्तू सांभाळायची म्हणजे काचेत घालायची नव्हे. तिच्या कामाला तिला लावायचं.

आता तुम्ही दोघं ऐका. मला मखमल नको, स्मरणिकेत कौतुक नको. व्हरांड्यात मी आता मावणार नाही, तुमची भिंत माझ्या अंगावरूनच गेली आहे. पण इमारतीसमोर मैदान आहे. तिथं गवत आहे, पाऊस पडला तर चिखलही असेल. मी बिघडेन म्हणून मला आता कशाला जपता? माझ्याशी ताडायला कोण येणार आहे? मुठी बसवायला पक्कड पुरते, आणि ती तुमच्याकडे आहे. एकदा मला बाहेर न्या आणि उगाचच ताणा. तुम्हाला जड जात असेल तर त्या मागच्या खुर्चीवरच्या मुलीला बोलवा, ती धरते म्हणाली होती.

शून्याच्या टोकानं विचारायचं आणि दुसऱ्या टोकानं उत्तर द्यायचं, ही तुमच्या वडिलांची पद्धत. उत्तर येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. मी थांबले आहे. शून्याचं टोक विचारत नाही, म्हणून आता मीच विचारते.

धरलंत?

उत्तर द्या.